हरणाऱ्याच्या पदरात काय?

गेल्या मे महिन्यात मुलाचा डब्लिनहून फोन आला, तेव्हा मी ओट्यावर बसून होते आणि कान टँकरकडे होते. आमच्या शहापूर तालुक्यातल्या उंबरमाळीत मे महिन्यात बायकांचे कान दोनच गोष्टींकडे असतात, एक लोकलकडे आणि दुसरा टँकरकडे. मुलगा म्हणाला, "आई, काल गाडीने बेलफास्टला जाऊन आलो. मुंबई-नाशिक एवढंच अंतर. देश बदलला, पण नेमका कुठे बदलला ते कळलंच नाही गं." रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी झाली आणि पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल आले, एवढाच काय तो फरक. ना नाका, ना पोलीस, ना आडवा बांबू. तरी त्याच्या खिशात ब्रिटनचा वेगळा व्हिसा होता, कारण भारतीय पासपोर्टवाल्याला तो लागतोच.

मग त्याने खरी अडचण सांगितली. त्याच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत वाद रंगतो, ब्रिटनमध्ये असलेलं उत्तर आयर्लंड आणि स्वतंत्र आयर्लंड एक व्हावीत की नाही. उत्तरेकडून आलेला एक सहकारी एका बाजूचा, दुसरा दुसऱ्या बाजूचा, आणि दोघेही याच्याकडे वळून विचारतात, तू बाहेरचा आहेस, तुला काय वाटतं? "मी काय सांगू?" मी म्हटलं, "सांग, माझ्या आईने असला कौल नऊ वर्षांची असताना पाहिलाय. तिच्या घरात एक हरला होता आणि एक जिंकला होता."

मी मूळची पेडण्याची, गोव्याच्या उत्तर टोकाची. सावंतवाडीला डी.एड. केलं, ठाणे जिल्हा परिषदेत शिक्षिका म्हणून लागले आणि रेल्वेतल्या माणसाशी लग्न करून १९७९ साली उंबरमाळीची झाले. इथल्या लोकांना मी 'गोव्याच्या बाई' आणि पेडण्यात मी 'मुंबईकडची'. घाटाखाली उभं राहून पाहिलं की मुंबई ११४ किलोमीटर लांब आहे, हे पेडण्यातल्या कुणाला सांगून पटत नाही.

१६ जानेवारी १९६७. गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण करायचं की गोवा केंद्रशासित ठेवायचा, हे लोकांना विचारलं गेलं तो दिवस. विलीनीकरणाला फूल आणि वेगळं राहण्याला दोन पानं, अशी चिन्हं. आमच्या वाड्यातल्या चिऱ्यांच्या गडग्यावर चुन्याने काढलेलं फूल होतं. त्याच्या पाकळ्या सारख्या नव्हत्या, कारण ते आम्ही पोरांनीच काढलं होतं.

माझे बाबा मराठी शाळेत मास्तर. फुलाचे. रोज संध्याकाळी 'गोमन्तक' मोठ्याने वाचायचे आणि वाड्यातले दहा-बारा जण ओट्यावर बसून ऐकायचे. पण बाबांचं फूल नुसतं भाषेचं नव्हतं. आम्ही मुंडकार. घर आमचं, पण घराखालची जमीन भाटकाराची. भाटकाराला वाटलं तर पडवी वाढवायची परवानगी मिळणार, नाही वाटलं तर नाही. महाराष्ट्रात कुळकायदा आहे, तिथे कसणाऱ्याला जमीन मिळते, हे बाबांनी वाचलं होतं. भाऊसाहेब बांदोडकरांच्या मागे बहुजन समाज उभा राहिला तो या आशेनेही. पेडणे, डिचोली, सत्तरी इकडे फुलाचा जोर होता तो त्यामुळेच.

माझा मामा मडगावला एका दुकानात कारकून. दोन पानांचा. तो 'राष्ट्रमत' वाचायचा, उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर कापून ठेवायचा. लोक म्हणतात फूल हिंदूंचं आणि पानं ख्रिश्चनांची. मोठ्या मानाने तसं असेलही, पण आमच्या घरात तसं नव्हतं. मामा देवळातल्या भजनात मराठी अभंग म्हणायचा आणि मत मात्र दोन पानांना. त्याचं म्हणणं एका ओळीचं होतं: "मुंबयत आमकां कोण विचारतलो?" आपण रत्नागिरीच्या खालचा आणखी एक जिल्हा होऊ, आपल्या कचेऱ्यांत तिकडचे साहेब येतील आणि आपण अर्ज हातात धरून उभे राहू.

निकाल लागला. वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१. हे आकडे मला पाढ्यासारखे पाठ आहेत, कारण बाबांनी ते पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवले होते आणि वजाबाकी दोनदा करून पाहिली होती. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा आला. मडगावहून पेडण्याला तेव्हा पूल नव्हते, फेरीबोटी बदलत यावं लागे. त्याने विहिरीवर आधी तोंड धुतलं, मग घरात आला. पण उजव्या कानामागे गुलाल राहिला होता. तो मी पाहिला, आईने पाहिला, बाबांनीही पाहिला असणार. कुणी काही बोललं नाही. आईने पेज वाढली. खूप वेळाने बाबांनी विचारलं, "मराठी शाळा बंद करणार काय रे तुम्ही?" मामा म्हणाला, "कोण बंद करता? हांव करूंक दिवचो ना." मी करू देणार नाही, असं तो म्हणाला.

या दोन वाक्यांवर मी साठ वर्षं विचार करते आहे. मामा कोण होता असं वचन द्यायला? दुकानातला कारकून. पण बाबा त्या रात्री जेवले.

तसं पाहिलं तर वचन बऱ्याच अंशी पाळलं गेलं. विलीनीकरणासाठी उभ्या राहिलेल्या, भाऊसाहेबांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं सरकार जनमत कौल निष्पक्ष व्हावा म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये पायउतार झालं होतं. कौल हरल्यावर दोन-अडीच महिन्यांत, मार्च १९६७ मध्ये निवडणूक झाली आणि त्याच लोकांनी त्याच भाऊसाहेबांना पुन्हा मुख्यमंत्री केलं. महाराष्ट्र नको, पण भाऊ हवेत. लोक इतकं नेमकं बोलतात, फक्त त्यांना नेमकं विचारावं लागतं. पुढे भाषेवरून गोव्यात आग पेटली, १९८६ सालच्या आंदोलनात माणसं मेली, हे मी विसरत नाही. १९८७ मध्ये कोंकणी राजभाषा झाली. पण त्याच कायद्यात मराठीच्या सरकारी वापरालाही जागा ठेवली. हरलेल्या बाजूच्या पदरात काहीतरी पडलं. माझा बाप म्हणायचा, विलीनीकरणावर उदक सोडलं, मराठीवर नाही.

आता आयर्लंडकडे येते. मुलाने विचारलं म्हणून वाचत गेले, आणि वाचता वाचता घरचंच वाचते आहे असं वाटलं.

१९२१ साली त्या बेटाची फाळणी झाली. अल्स्टर प्रांताच्या नऊ परगण्यांपैकी सहा ब्रिटनकडे ठेवले, कारण त्या सहांत मिळून ब्रिटनशी जोडून राहू पाहणाऱ्या प्रोटेस्टंटांचं बहुमत बसत होतं. हे युनियनवादी. त्या सहांतच अडकलेले, बहुतेक कॅथलिक, ज्यांना डब्लिनशी एक व्हायचं होतं, ते राष्ट्रवादी. लोकांना विचारून रेघ ओढली नव्हती, मोजून ओढली होती. हरलेले दोन्हीकडे उरले. उत्तरेतल्या कॅथलिकांना नगरपालिकेच्या घरांसाठी रांगेत मागे ठेवलं गेलं. डेरी शहरात कॅथलिक जास्त असून प्रभाग असे कापले होते की सत्ता युनियनवाद्यांकडेच राहावी. ५ ऑक्टोबर १९६८ ला त्याच शहरात नागरी हक्कांसाठी निघालेल्या मोर्चावर लाठ्या पडल्या, आणि पुढची तीस वर्षं साडेतीन हजारांवर माणसं मेली. दक्षिणेत राहिलेल्या प्रोटेस्टंटांची संख्या पिढ्यान्‌पिढ्या घटत गेली. युनियनवादी आज एकीकरणाला घाबरतो तेव्हा तो हे आठवून घाबरतो. त्याची भीती खोटी आहे असं सांगणाऱ्याने आधी डेरीतल्या कॅथलिकाची भीती खोटी होती असंही सांगावं. कुणाची सांगाल?

ते शहरही बघा. राष्ट्रवादी त्याला डेरी म्हणतात, युनियनवादी लंडनडेरी. रस्त्यावरच्या पाट्यांवरचं 'लंडन' कुणीतरी रंगाने पुसून टाकतं. मुलाने फोटो पाठवला तेव्हा मला बेळगाव-बेळगावी आठवलं, आणि बेळगावजवळच्या येळ्ळूरची 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेली ती पाटी आठवली, जी २०१४ च्या जुलैमध्ये उखडली गेली आणि नंतर गावात लोकांना पोलिसांचा मार खावा लागला.

बेळगाव आणि आयर्लंडची गाठ जुनी आहे. होमरूल हा शब्दच आयर्लंडचा. टिळकांनी त्या नावाची चळवळ सुरू केली ती बेळगावात, एप्रिल १९१६ मध्ये, म्हणजे डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला त्याच महिन्यात. बेळगावच्या मराठी माणसाला हे माहीत असतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला सहसा नसतं.

आणि मला जे सगळ्यात खटकतं ते आता सांगते. गोव्याला विचारलं गेलं जानेवारी १९६७ मध्ये. नेमक्या त्याच महिन्यांत महाजन आयोग बेळगावच्या सीमावादाचा निवाडा करत होता. ऑक्टोबर १९६६ मध्ये नेमला, ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल दिला. निवृत्त सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन, एकच माणूस. मराठी माणसाचे दोन सीमाप्रश्न एकाच हिवाळ्यात सुटायला बसले होते. एकात लाखो लोकांनी कागदावर शिक्का मारला, दुसऱ्यात एका न्यायमूर्तीने नकाशावर बोट ठेवलं. जिथे विचारलं तिथे माझ्या बापाने दुसऱ्या दिवशी पेज खाल्ली. जिथे विचारलं नाही तिथे दर १ नोव्हेंबरला अजून काळा दिवस पाळला जातो आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. कॅलेंडरवर १६ आणि १७ जानेवारी हे दोन चौकोन शेजारी शेजारी आहेत. गोव्यात १६ ला अस्मिताय दीस साजरा होतो. बेळगावात १७ ला, १९५६ साली गोळीबारात गेलेल्यांचा हुतात्मा दिन असतो. एका चौकोनात फुलं, दुसऱ्यातही फुलं, पण वाहण्याची.

म्हणून माझं म्हणणं असं, की आयर्लंडमध्ये विचारावं. आपल्याकडे अनेकांना वाटतं की असं विचारणं म्हणजे देश तोडणं. मी नऊ वर्षांची असताना पाहिलंय, विचारल्याने घर तुटलं नाही. पण विचारण्याआधी एक काम करावं लागतं, आणि तेच सगळे टाळतात. जो हरेल त्याच्या पदरात काय पडणार, ते मत मागण्याआधी लिहून द्यावं लागतं. जिंकल्यावर लिहिलेलं दान होतं, आधी लिहिलेला करार होतो.

१० एप्रिल १९९८ चा गुड फ्रायडे करार मला म्हणूनच मोठा वाटतो. बंदुका खाली ठेवल्या गेल्या हे तर आहेच. पण त्यात एक कलम असं आहे की उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेला माणूस स्वतःला आयरिश म्हणवू शकतो, ब्रिटिश म्हणवू शकतो किंवा दोन्ही. आणि उद्या सत्ता लंडनकडून डब्लिनकडे गेली तरी हा हक्क जाणार नाही. जे सरकार असेल त्याने दोन्ही समाजांशी समदृष्टीने वागायचं. म्हणजे निकालाच्या आधीच हरणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर लावून ठेवलंय. मे १९९८ मध्ये उत्तरेत ७१ टक्के आणि दक्षिणेत ९४ टक्के लोकांनी हो म्हटलं ते उगाच नाही. आयर्लंडच्या एकीकरणासाठी कधी कौल घ्यायचा, हे मात्र लंडनच्या मंत्र्यावर सोडलंय. बहुमत बदललंय असं त्याला दिसलं की त्याने कौल घ्यायचा, आणि एकदा घेतला की पुढची सात वर्षं पुन्हा नाही.

आता तो दिवस जवळ आला असं म्हणणारे पुष्कळ आहेत. २०२१ च्या जनगणनेत उत्तरेत कॅथलिक घरातले लोक ४५.७ टक्के आणि प्रोटेस्टंट ४३.५ टक्के निघाले. ज्या बाजूचं बहुमत मोजून ते राज्य केलं होतं, ती बाजू मागे पडली. एकीकरणवादी शिन फेन पक्ष २०२२ मध्ये सगळ्यात मोठा ठरला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत मिशेल ओ'नील तिथल्या पहिल्या राष्ट्रवादी फर्स्ट मिनिस्टर झाल्या. तरी मतांच्या पाहण्यांमध्ये ब्रिटनसोबत राहू म्हणणारे अजून पुढे असतात. डोकी मोजून मत कळत नाही, हे आम्हा गोवेकरांना सांगायला नको. कॅथलिक घरातली एखादी बाई म्हणते, इथे डॉक्टरकडे गेलं की पैसे पडत नाहीत, तिकडे दक्षिणेत साधं दाखवायला गेलं तरी युरो मोजावे लागतात, मग मी घाई का करू? तिचं मत झेंड्यावर नाही, दवाखान्यावर आहे. माझ्या बाबांचं मत कुळकायद्यावर होतं.

१९७३ मध्ये तिथे एकदा कौल झाला होता. राष्ट्रवाद्यांनी बहिष्कार घातला आणि जवळजवळ ९९ टक्के मतं ब्रिटनच्या बाजूने पडली. असल्या ९९ टक्क्यांना काय करायचं? ज्याला विचारायचं होतं तो घरीच बसला होता. आणि २०१६ चा ब्रेक्झिटचा कौल हे दुसरं उदाहरण. 'बाहेर पडू' म्हटल्यावर पुढे काय, हे कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्के मतांनी युरोपात राहू म्हटलं होतं, तरी ते बाहेर गेले आणि वर्षानुवर्षं सीमेवर नाका कुठे ठोकायचा याचं भांडण चाललं. त्यामुळे पन्नास टक्के अधिक एक मत मिळालं की उद्या सकाळी एकीकरण, असं जे म्हणतात त्यांच्याशी माझं जमत नाही. बहुमत एका मताचं असलं तरी ते मानलंच पाहिजे, त्यात खोट काढता येणार नाही. पण पेन्शन कोण देणार, दवाखान्याचं काय, डेरीतल्या युनियनवाद्याच्या मुलाला शाळेत कोणता इतिहास शिकवणार, हे त्या एका मताच्या आधी छापून घरोघर वाटलेलं असलं पाहिजे.

मुलाला मी एवढं सांगितलं. पण उंबरमाळीत राहून मला आणखी एक गोष्ट कळली आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्राला लागते.

मामाचं "मुंबयत आमकां कोण विचारतलो" हे वाक्य मला पेडण्यात कळलं नाही, इथे कळलं. आमचा शहापूर तालुका म्हणजे मुंबईची घागर. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतो. मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा, सगळे इथेच किंवा इथून हाकेच्या अंतरावर. माणसाला आत उभं राहता येईल एवढ्या जाड जलवाहिन्या आमच्या रानातून जातात. आणि पाड्यावरची बाई उन्हाळ्यात झऱ्याच्या खड्ड्यात वाटी घालून पाणी काढते, एक वाटी भरायला किती वेळ लागतो ते तिच्याशेजारी बसून पाहावं. आमची भाषा मराठी, राज्य मराठी, मुंबई मराठी. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांनी रक्त सांडून जे ऐक्य मिळवलं त्याच्या पोटातच आम्ही आहोत, सीमेवर नाही. तरी आम्हाला कोण विचारतं? २०१४ च्या १ ऑगस्टला ठाणे जिल्हा तोडून पालघर केला तेव्हा मोखाडा, जव्हार, वाडा तिकडे गेले, शहापूर-मुरबाड इकडे राहिले. आमच्या वाडीतल्या निम्म्या सुना मोखाड्याच्या. एका सकाळी माहेर दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. जव्हारचे लोक मुख्यालय मागत राहिले, ते गेलं पालघरला, थेट रेल्वेच्या रुळाशी.

पाण्यावरून, रस्त्यावरून गाव सरकतं, हे आपण दोनदा पाहिलंय. जत तालुक्यातल्या चाळीसेक गावांनी २०१२ मध्ये कर्नाटकात जाण्याचे ठराव केले ते कन्नडच्या प्रेमापोटी नव्हे, पाणी मिळेना म्हणून. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी तेच ठराव काढून दावा केला तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! लगेच डिसेंबरात सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी गुजरातेत जाऊ द्या म्हणून निवेदन दिलं. ती माणसं मराठीद्रोही नव्हती. ती रस्ता, दवाखाना आणि शाळा मागत होती. त्यांना फितूर म्हणणाऱ्यांनी एक उन्हाळा तिथे काढावा.

याच महिन्यात, २७ डिसेंबर २०२२ ला, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एकमताने ठराव केला: बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी आणि ८६५ गावं महाराष्ट्रात आणू. सीमाभागातल्या माणसाचं दुःख मला परकं नाही, पण त्या ठरावातलं कारवार वाचून मी थबकले. कारवारची घरातली भाषा कोंकणी. आम्ही गोव्यात १९६७ साली ऐकलेलाच युक्तिवाद आहे हा, की कोंकणी ही मराठीची बोली, म्हणून कोंकणी माणूस आपला. कारवारच्या माणसाला कुणी विचारलं का? आपल्याला बेळगावसाठी न्याय हवा असेल तर तीच मोजपट्टी कारवारला, जतला आणि अक्कलकोटला लावावी लागेल. गाव हा घटक धरा म्हणून आपण इतकी वर्षं सांगतोय ना? मग जतचं गावही गावच आहे. आणि उत्तर आपल्या विरुद्ध आलं तर? यावं. माझ्या बापाच्या विरुद्ध आलं होतं.

आपल्या घटनेच्या तिसऱ्या कलमात राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार संसदेला आहे, लोकांचा कौल घेण्याची सक्ती नाही, हे मला माहीत आहे. गोव्यासाठीही संसदेला १९६६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. एकदा केला तसा पुन्हा करता येईल. तो होईपर्यंत हरलेल्याच्या पदरात काय, हा प्रश्न थांबत नाही.

हा प्रश्न मला माझ्या स्वतःच्या वर्गात भेटला. पेडण्यात पहिलीत असताना मी बाबांच्याच शाळेत "उदक जाय" म्हटलं आणि त्यांनी मला उभं केलं, "पाणी म्हण." घरी आल्यावर त्याच बाबांनी आईकडे उदक मागितलं. पुढे ठाकूरपाड्यावरच्या शाळेत मी स्वतः बाई झाले. मुलं घरची ठाकरी बोलायची आणि मी त्यांना उभं करून सांगायचे, "शुद्ध बोला." एक मुलगी, पाठांतराला सगळ्यांच्या पुढे, त्या दिवसानंतर वर्गात बोलेनाशी झाली. वर्षभर ती मान हलवून उत्तरं द्यायची. हो म्हणायला एकदा, नाही म्हणायला दोनदा. चौथीनंतर ती शाळेत आली नाही. मी तिला परत आणायला पाड्यावर गेले, ती रानात गेली होती. मी बेळगावच्या मराठी पोराच्या कन्नडसक्तीवर बोलते तेव्हा ती मान हलवणारी मुलगी माझ्यापुढे उभी असते. जो जिंकलेला असतो त्याला आपला आवाज ऐकू येत नाही. मी तेव्हा जिंकलेल्यांत होते.

घटनेत ३५० अ कलम १९५६ पासून आहे, प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करा म्हणून. भाषिक अल्पसंख्याकांसाठी वेगळा अधिकारी नेमण्याचं कलमही त्याच वेळचं. न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कर्नाटकाने सीमाभागात मराठीतून कागद द्यावा, आणि महाराष्ट्राने जत-अक्कलकोटच्या कन्नड घरांना कन्नडमधून द्यावा, कर्नाटकाची वाट न बघता, आधी आपण. यात कुणाच्या राज्याची एक इंचही जमीन जात नाही. आपण आधी दिला तर मागताना आपल्या तोंडाला बळ येईल.

माझ्याबरोबर नोकरी केलेल्या एका बाईंचं माहेर बेळगावच्या खानापूर तालुक्यातलं. त्यांचे वडील नव्वदीला टेकलेले, आयुष्यभर मराठी शाळेच्या जोरावर पत्रं लिहिलेला माणूस. मागे एकदा सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले होते. शेताच्या वाटणीचं काम निघालं होतं, उतारा आणला होता, तो कन्नडमध्ये. बाबा चष्मा लावून कागद जवळ नेत, लांब नेत. मग त्यांनी शेजारच्या पोराला हाक मारली, सातवीतला असेल. पोरगा उभ्या उभ्या वाचत होता, अडखळत, एकेक शब्द मराठीत करून सांगत होता. बाबा जमिनीवर काडीने रेघा ओढत होते, ही मेर, हा ओहोळ, इथे आंबा. सत्तर वर्षं कसलेलं त्यांचं शेत. पोराने एक आकडा चुकवला तेव्हा त्यांनी कागद त्याच्या हातातून घेतला, उलट-सुलट करून पाहिला आणि पुन्हा त्यालाच दिला. "नीट बघ रे," ते म्हणाले, "तिथे आंब्याचं काही लिहिलंय का?"